साष्टींतील आगगाडीचीं स्टेशनें : नवीं द्वारें आणि जुने पुरावे

मुंबईच्या उपनगरांतील रेल्वे-स्टेशनांची पुनर्रचना सध्यां झपाट्यानें चालू आहे. घाटकोपर, मुलुंड, खार, सांताक्रूझ, कांदिवली इत्यादि स्टेशनें २०१९ सालीं मंजूर झालेल्या मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाच्या ३-अ टप्प्यांत सुधारणेसाठीं घेतलेलीं आहेत. योजनेचें मुख्य अंग असें कीं, रुळांच्या वर एक प्रशस्त पटांगण, ज्यास लोक ‘डेक’ म्हणतात तें, बांधावयाचें. तिकिटांच्या खिडक्या तेथें न्यावयाच्या. आणि तेथून खालीं फलाटांवर व बाहेर रस्त्यांवर जिने, सरकते जिने आणि लिफ्ट सोडावयाच्या. म्हणजे स्टेशनाचें द्वार जमिनीवरून उचलून अधांतरीं न्यावयाचें. ह्या कामाचें परीक्षण स्थापत्याच्या व सोयीच्या दृष्टीनें इतरांनीं करावें. येथें तें केवळ इतिहाससाधनांच्या दृष्टीनें करावयाचें योजिलें आहे.

रेल्वेचें स्टेशन हें इतिहासाचें साधन होय, असें म्हटल्यास ताम्रपट व मोडी रुमाल चाळणाऱ्या वाचकांस किंचित् हसूं येईल. परंतु बोरीबंदर ते ठाणें ही आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं धांवली, त्यास आतां पावणेदोनशें वर्षें होत आलीं. पेशवाईच्या अखेरीपासून त्या दिवसापर्यंत लोटलेला काळ तर पुरता पस्तीस वर्षांचाहि नाहीं. गोविंद नारायण माडगांवकरांनीं ‘मुंबईचें वर्णन’ १८६३ सालीं प्रसिद्ध केलें तेव्हां आगगाडी ही नवलाची वस्तु होती. आज तो ग्रंथच आपण जुनें साधन म्हणून उघडतों. मग त्या ग्रंथाच्या समकालीन वास्तूंस व नोंदींस साधन कां म्हणूं नये ?

एक उदाहरण घेऊं. बाँबे बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेची उपनगरी गाडी १२ एप्रिल १८६७ पासून विरार ते बॅकबे अशी सुरू झाली. तिच्या स्टेशनांची यादी उपलब्ध आहे. तींत बोरिवलीस बेरेवाला, अंधेरीस अंदारू, वांद्र्यास बांदोरा आणि दादरास दादरी अशा प्रकारचीं रूपें रोमन अक्षरांत दिलेलीं आहेत. गोरेगांव हें नांव यादींत नाहीं. त्याच्या जागीं ‘पहाडी’ आहे. मालाड, कांदिवली, जोगेश्वरी यांचा पत्ता नाहीं. आणि खार तर स्टेशन म्हणून १९२४ सालीं अस्तित्वांत आलें. एवढ्या लहानशा यादीवरून केवढा बोध होतो पहा. साहेब कारकुनाच्या कानास हीं गांवें कशीं ऐकूं आलीं तें कळतें. त्या काळीं साष्टींत कोणत्या गांवांस गाडी थांबण्याइतकें महत्त्व होतें तें कळतें. आणि पहाडी हें नांव स्टेशनावरून पुसलें गेलें तरी जमिनीच्या दफ्तरांत ‘पहाडी गोरेगांव’ व ‘पहाडी एकसर’ म्हणून अद्यापि टिकून आहे, ह्याचीहि संगति लागते. राजवाड्यांनीं १९२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या महिकावतीच्या बखरीशीं उत्तर कोंकणचीं ग्रामनामें ताडून पाहणाऱ्यास अशी यादी टाकाऊ वाटणार नाहीं.

ह्याच बोरिवलीजवळ मागाठाण्याचीं लेणीं आहेत. त्यांची आजची दशा पाहवत नाहीं. वस्तीनें तीं गिळलींच म्हणावीं. परंतु कान्हेरीच्या एका दानलेखांत मंगलठाण येथील शेत भिक्षुसंघास दिल्याचा उल्लेख असल्यामुळें गांवाचें प्राचीनत्व निर्विवाद राहिलें. लेण्याची वास्तु गेली तरी लेख उरला, म्हणून इतिहास उरला. स्टेशनांच्या बाबतींत आपण नेमकें उलट करीत आहों कीं काय, अशी शंका येते.

कारण असें कीं, जतन करावयाचें म्हणजे देखणी इमारत जतन करावयाची, ही समजूत दृढ झालेली आहे. बोरीबंदरच्या महावास्तूस २००४ सालीं जागतिक वारशाचा मान मिळाला. तिच्या पुनर्विकासास केंद्रीय मंत्रिमंडळानें २०२२ सालीं संमति दिली, तेव्हां वास्तूच्या अंगास कोठें धक्का लागेल ह्याची चर्चा आपोआप झाली. भायखळ्याचें स्टेशन काळजीपूर्वक दुरुस्त केलें गेलें व त्यास २०२२ सालीं युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक पारितोषिकांत गुणवत्तेचा पुरस्कार मिळाला. तें काम खरोखर चांगलें आहे. मागाहून चढविलेले थर उतरवून मूळचें रूप शोधण्याची त्यांतील पद्धति हस्तलिखितावरील क्षेपक काढून टाकणाऱ्या संपादकाच्या पद्धतीसारखीच आहे. उपनगरांच्या उंबरठ्यावर वांद्र्याचें उतरत्या छपरांचें स्टेशन वारसा-यादींत असल्यामुळें सुरक्षित आहे. परंतु वांद्रें ओलांडून उत्तरेस गेलें, किंवा शीव ओलांडून ईशान्येस गेलें, कीं अशी भव्यता संपते. घाटकोपर, भांडुप, मुलुंड, अंधेरी, बोरिवली येथें घुमट नाहींत, कोरीव सिंहमुखें नाहींत. सबब तेथें जतन करण्याजोगें कांहींच नाहीं, असा निष्कर्ष निघतो. आणि तो चुकीचा आहे.

भांडुपचेंच पहा. मुंबई सरकारचे मुख्य इंजिनियर जॉर्ज क्लार्क यांस १८४३ सालीं भांडुपास गेले असतां ठाणें-कल्याणकडे लोहमार्ग नेण्याची कल्पना प्रथम सुचली, असें रेल्वेच्या इतिहासांत नेहमीं सांगितलें जातें. ज्या गांवाशीं ही कथा निगडित आहे तेथील स्टेशन दिसण्यांत चारचौघांसारखें असलें म्हणून त्याचा इतिहास चारचौघांसारखा ठरत नाहीं.

साध्या स्टेशनाचा पुरावा कशांत असतो ? तो लोखंडांत असतो. सँडहर्स्ट रोडच्या वरच्या फलाटावरील खांबांवर जी. आय. पी. रेल्वेचीं आद्याक्षरें, १९२१ हें साल व ग्लासगोच्या कारखान्याचें नांव ओतलेलें आहे. हा शिलालेखच होय, फक्त शिळेऐवजीं बीड आहे इतकेंच. राजेंद्र आकलेकर यांनीं ‘हॉल्ट स्टेशन इंडिया’ ह्या २०१४ सालच्या इंग्रजी ग्रंथांत पहिल्या लोहमार्गाच्या कडेकडेनें हिंडून असे अवशेष टिपले, हें त्यांचे उपकार आहेत. जुने रूळच उभे करून खांब, कठडे व कुंपणें करण्याची रेल्वेची चाल असे, आणि रुळाच्या अंगावर कारखान्याचें नांव व वर्ष उठविलेलें असे. रंगाचे थर खरवडल्यावांचून तें दिसत नाहीं. डेकचा पाया खणतांना असा खांब निघाला तर तो वजनावारी भंगारांत जातो, आणि त्याबरोबर साल, कारखाना व जागा ह्या तिन्ही गोष्टींचा संबंध कायमचा तुटतो. खांब संग्रहालयांत नेऊन ठेवला तरी कोणत्या फलाटावरचा, हें टिपलें नसेल तर तो अर्धा मुकाच.

दुसरा पुरावा द्वारांत असतो, आणि प्रस्तुत योजनेंत तोच सर्वांत आधीं बदलतो. लोहमार्गानें साष्टींतील गांवें मधोमध चिरलीं. घाटकोपर पूर्व, घाटकोपर पश्चिम, मुलुंड पूर्व, मुलुंड पश्चिम, असे जे पत्ते आपण लिहितों, त्यांतील पूर्व-पश्चिम हा शब्द गांवाचा नसून रुळांचा आहे. ज्या बाजूस स्टेशनाचें मुख्य द्वार व तिकिटाची खिडकी, त्या बाजूस बाजार, टांग्यांचा अड्डा व पेढ्या. दुसरी बाजू मागील दाराची. वांद्र्याची जुनी इमारत पश्चिमेस, म्हणजे जुन्या वस्तीकडे तोंड करून आहे, हें उगीच नव्हे. द्वार कोठें होतें व कधीं हललें, हें ज्यास ठाऊक त्यास उपनगराची वाढ वाचतां येते. तिकीट-खिडकी रुळांच्या वर गेली, कीं दोन्ही बाजू सारख्या होतात. ही गोष्ट प्रवाशास हिताची आहे. फक्त पूर्वींची विषमता कोठें होती तें आधीं लिहून ठेविलें पाहिजे.

येथें कोणीं असें समजूं नये कीं, जुन्या खांबांसाठीं माणसांनीं चेंगरावें असें आमचें म्हणणें आहे. २९ सप्टेंबर २०१७ रोजीं एल्फिन्स्टन रोडच्या अरुंद पुलावर तेवीस जीव गेले. घाटकोपरास ८ जून २०१४ रोजीं वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाल्यापासून पश्चिमेकडील मेट्रोची सारी गर्दी त्याच जिन्यांवर लोटूं लागली. अशा ठिकाणीं नवीं द्वारें न उघडणें हाच अपराध झाला असता. डेकची कल्पना, द्वारें अनेक व रुंद करण्याची कल्पना, आम्हांस सर्वथा मान्य आहे. आक्षेप आहे तो एवढाच कीं, अशा कामांचीं वर्णनें वाचूं लागलें म्हणजे जिने किती, लिफ्ट किती, पटांगणाची रुंदी किती ह्यांचीच मोजदाद पुढें येते. जें पाडावयाचें त्याचें मोजमाप कामाचा भाग म्हणून गणलें जात नाहीं. मोजमापाचें महत्त्व इंजिनियरांसहि आहे. अंधेरीच्या गोखले पुलाचा पदपथ ३ जुलै २०१८ रोजीं कोसळला. पुढें जुना पूल पाडून नव्याची एक बाजू फेब्रुवारी २०२४ मध्यें खुली झाली, तेव्हां शेजारच्या बर्फीवाला पुलाशीं तिची उंची जुळली नाहीं, व तो पूल मागाहून उचलून घ्यावा लागला.

करावयाचें काम फार खर्चाचें नाहीं. पाडकामापूर्वीं प्रत्येक फलाटाचा, छपराचा व द्वाराचा मापांसह नकाशा काढावा. खांबांवरील व रुळांवरील अक्षरांचे ठसे घ्यावे. तीन भाषांतल्या नामफलकांचीं छायाचित्रें घ्यावीं. स्टेशन-मास्तरांच्या खोलींतील जुनीं रजिस्टरें रद्दींत जाण्यापूर्वीं पाहावीं. आणि ह्या सर्वांची एकेक नक्कल रेल्वेबाहेरील एखाद्या ग्रंथसंग्रहांत ठेवावी. ज्यांच्या संग्रहीं जुनीं वेळापत्रकें, तिकिटें, मासिक पास किंवा जमीन-संपादनाच्या नोटिसा असतील त्यांनीं त्यांच्या नकला करून ठेवाव्या. जी. आय. पी. व बी. बी. सी. आय. ह्या दोन्ही रेल्वे ५ नोव्हेंबर १९५१ रोजीं मध्य व पश्चिम रेल्वेंत विलीन झाल्या. त्यापूर्वींचा कागद घरीं असेल तर तो विशेष जपावा.

असे कागद न जपल्यास काय होतें, ह्याचा दाखला अंधेरीसच मिळतो. अंधेरी ते कुर्ला व पुढें तुर्भें असा एक लोहमार्ग १९२८ सालीं सुरू झाला होता. त्यास सेंट्रल साल्सेट ट्रामवे म्हणत. १९३४ सालीं तो बंद पडला व रूळ उखडले गेले. पूर्व व पश्चिम उपनगरें आडव्या लोहमार्गानें पुन्हां जोडलीं जाण्यास २०१४ सालची मेट्रो यावी लागली. ट्रामवेची स्मृति कुर्ला-कलिन्याकडील एका रस्त्याच्या नांवांत आहे. त्यास सी. एस. टी. मार्ग म्हणतात, आणि आजचे प्रवासी त्या तीन अक्षरांचा अर्थ बोरीबंदरच्या टर्मिनसाशीं लावतात.