क्रीडास्मृतिचिन्हे : वस्त्र आणि वचन

क्रीडास्मृतिचिन्हांच्या द्रव्याचा दर्जा खालावत चालला आहे, अशी संग्राहकांची तक्रार आहे. अमेरिकेतील खेळाडूंच्या संग्राह्य कार्डांच्या आधारे तिची तपासणी येथे करावयाची आहे.

१९९७ साली अपर डेक या कंपनीने बेसबॉलच्या काही कार्डांत केन ग्रिफी (धाकटा), टोनी ग्विन व रे ऑर्डोन्येझ यांनी सामन्यात वापरलेल्या जर्सीचे तुकडे बसविले. पुढे २००३ साली डॉनरस कंपनीने बेब रूथची एक जर्सी सुमारे २ लक्ष ६४ हजार डॉलरांस विकत घेऊन अशाच कार्डांसाठी कापली. त्यानंतर कार्डांवरील शब्दयोजना पालटत गेली. ‘सामन्यात वापरलेले’ याच्या जोडीस ‘खेळाडूने परिधान केलेले’ हे विशेषण आले. छायाचित्रणापुरती क्षणभर अंगात घातलेली जर्सीही त्यात बसते. अलीकडील कित्येक कार्डांच्या पाठीवर तर, आतील वस्त्राचा कोणत्याही विशिष्ट खेळाडूशी, सामन्याशी वा प्रसंगाशी संबंध नाही, असेच छापलेले असते.

येथे ऱ्हास झाला तो कशाचा? धाग्यांचा नव्हे. रूथच्या काळातील लोकरी फ्लॅनेलपेक्षा आजचे कृत्रिम वस्त्र हलके असते, इतकेच. मम्मटाने लक्षणेस मुख्यार्थबाध, तद्योग आणि रूढी अथवा प्रयोजन अशा तीन अटी सांगितल्या आहेत. ‘गंगेवर गवळीवाडा’ म्हटले असता ‘गंगा’ शब्दाने तीर कळते, कारण तीर प्रवाहास लागून असते. कार्डातील चिंधी खेळाडूचा बोध करून देते तीही अशाच संबंधामुळे. केवळ चिंधीसाठी कोणी मोल देत नाही, म्हणून मुख्यार्थाचा बाध आहे. सान्निध्याची ओढ हे प्रयोजनही आहे. परंतु तद्योग मात्र स्वतः निर्मात्यानेच नाकारला आहे.

यात असत्य काहीच नाही, असा बचाव करता येईल. अभिधेपुरता तो खराही आहे. तथापि खेळाडूचे चित्र आणि वस्त्राची खिडकी शेजारी शेजारी मांडून कार्डाची दर्शनी बाजू जे सुचविते, तेच मागील बाजू बारीक अक्षरांत नाकारते. नकार प्रामाणिक असला तरी मांडणी तशी नाही.

या ऱ्हासाचे मूळ मात्र नंतरच्या विशेषणांत नसून पहिल्या कात्रीत आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. अखंड जर्सी क्रमांक, शिवण, डाग, दुरुस्ती यांच्या रूपाने स्वतःची साक्ष काही अंशी स्वतः देते. बोटभर तुकड्यास ते सामर्थ्य नाही. त्याची सारी साक्ष छापील वाक्यावर येऊन पडते. प्रथम वस्तूची वाचा गेली, आणि मग तिच्या वतीने बोलणारे वचन सैल झाले.

पुष्पिकेपासून तुटलेले पोथीचे सुटे पान ज्यांनी हाताळले आहे, त्यांस हा प्रश्न परका वाटू नये. कागद तोच असतो, अक्षरही तेच असते. परंतु ते कोणी, कोठे व केव्हा लिहिले हे सांगणारा शब्द हरवला म्हणजे अभ्यासकाच्या हाती अनुमानच तेवढे उरते.