चार लोकांना विचारताना

मराठीत ‘चार लोक’ हे शब्द दोन उलट कामे करतात. ‘चार लोक काय म्हणतील’ असे आपण म्हणतो तेव्हा ते चौघे न्यायाधीश असतात, आणि ‘चार लोकांना विचारून बघ’ असे म्हणतो तेव्हा तेच चौघे सल्लागार होतात. मुलीचे स्थळ, म्हशीचा सौदा, दुखरा गुडघा, सुनेशी बिनसलेले, अशा गोष्टींसाठी माणूस पुस्तक उघडत नाही, तो शेजारी विचारतो. अडचण एवढीच की, ज्याला विचारायचे तोच उद्या नावे ठेवणार असतो. त्यामुळे जे विचारण्याची सर्वांत जास्त निकड असते, तेच मनात राहून जाते. ‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ या म्हणीने ऐकून झाल्यावर काय करायचे ते सांगितले. जनाला विचारायचे कसे, ते मात्र सांगितले नाही.

या अडचणीवर नियतकालिकांनी जो तोडगा काढला, त्याची चिकित्सा हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. ‘वाचकांचे प्रश्न’, ‘सल्ला’, ‘आपले अनुभव कळवा’ अशी सदरे वाङ्मयाच्या इतिहासात कुणी मोजत नाही. समीक्षक ती ओलांडून कथा-कवितांकडे जातात. रोजच्या जगण्याचा इतका जवळचा दस्तऐवज दुसरीकडे क्वचितच सापडेल, असे माझे मत आहे. मात्र तो वाचण्याची आपली रीत चुकते. आपण उत्तरे वाचतो आणि उत्तर देणाऱ्याचे कौतुक करतो. माझ्या मते या सदरांचे खरे मोल प्रश्नांत आहे. ही सदरे जिथे कमी पडली, तिथे लोकांच्या अनुभवाला जागा न ठेवल्यामुळे कमी पडली.

लंडनचे तीन पंडित

या प्रकाराचा उगम शोधू लागले की १६९१ सालच्या लंडनमध्ये जावे लागते. जॉन डंटन नावाच्या पुस्तकविक्रेत्या-प्रकाशकाने त्या वर्षी ‘अथेनियन मर्क्युरी’ हे पत्र सुरू केले. कुणीही निनावी प्रश्न लिहून एका कॉफीगृहाच्या पत्त्यावर पाठवावा आणि ‘अथेनियन सोसायटी’तील विद्वानांनी छापील उत्तर द्यावे, अशी ती योजना होती. प्रश्नांना मर्यादा नव्हती. धर्मशास्त्र, निसर्गातील चमत्कार, प्रेम, विवाह असे सगळे एकाच पानावर येई. स्त्रियांनाही प्रश्न पाठवण्याचे निमंत्रण होते. १६९३ मध्ये खास त्यांच्यासाठी ‘लेडीज मर्क्युरी’ निघाले, पण ते चारच अंक टिकले.

विद्वानांची ती सभा म्हणजे मुख्यतः तीन माणसे होती: स्वतः डंटन, रिचर्ड सॉल्ट हा गणिती आणि डंटनचा साडू सॅम्युएल वेस्ली हा पाद्री. म्हणजे या व्यवहारात दोन्ही बाजूंना मुखवटे होते. त्यांतला प्रश्नकर्त्याचा मुखवटा गरजेचा होता, कारण त्यावाचून त्याचे तोंड उघडले नसते. उत्तर देणाऱ्यांचा मुखवटा धंद्याचा होता. तीन माणसांचे मत हे विद्वत्सभेचा निर्णय म्हणून विकले जात होते. पुढे तीनशे वर्षे जगभरच्या सल्लासदरांनी हाच साचा गिरवला. विचारणारा निनावी राहिला आणि सांगणारा सर्वज्ञ ठरला.

‘समाजस्वास्थ्य’ची टपाल

मराठीत या साच्याला सर्वांत धीट रूप दिले ते रघुनाथ धोंडो कर्वे यांनी. महर्षी कर्व्यांचे हे थोरले चिरंजीव मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि या कामापायी पुढे त्यांना नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते एकहाती चालवले. डंटनच्या मंडळीत एक गणिती होता आणि इथेही गणितीच होता. फरक असा की, कर्व्यांनी मुखवटा घातला नाही. उत्तराखाली त्यांचे स्वतःचे नाव होते, आणि त्याची किंमतही त्यांनी स्वतःच मोजली.

त्या काळात एखाद्या तालुक्याच्या गावातल्या तरुणाला स्वतःच्या शरीराबद्दल शंका आली तर तो कुणाला विचारणार होता? वैद्य वडिलांच्या ओळखीचा. डॉक्टर असलाच तर गावातलाच, आणि संध्याकाळी काकांबरोबर पत्ते खेळणारा. मित्र त्याच्याइतकेच अज्ञानी. नवविवाहित स्त्रीची कोंडी याहून मोठी, कारण तिचे माहेर दूर आणि सासरी प्रत्येक शब्दाला कान. अशा माणसाला पोस्टाचे पाकीट हा एकच आडोसा होता. पाकिटात काय आहे ते पोस्टमनला कळत नाही, आणि उत्तर देणारा मुंबईत असतो, तो कधी आळीत भेटणार नाही. संततिनियमन, गुप्तरोग, हस्तमैथुन, समलिंगी आकर्षण अशा, घरात उच्चारही न होणाऱ्या विषयांना या मासिकात जागा मिळाली.

१९३४ सालचा खटला याच प्रश्नोत्तरांवरून उभा राहिला. वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेली उत्तरे अश्लील आहेत, असा आरोप होता. कर्व्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. विषय लैंगिक आहे एवढ्यावरून लेखन अश्लील ठरत नाही, ही त्यांच्या बचावाची भूमिका होती. खटला हरला आणि कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. या खटल्याकडे आपण सहसा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा लढा म्हणून पाहतो, आणि ते बरोबरच आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. सरकारच्या नजरेत कर्व्यांचे उत्तर जितके खुपत होते, तितकेच कुणीतरी तसला प्रश्न विचारला होता हेही खुपत होते. असे प्रश्न सभ्य माणसाला पडत नाहीत, हा समज त्या छापील ओळींनी मोडला होता.

मी या प्रश्नांकडे बारकाईने पाहतो तेव्हा मला प्रत्येक प्रश्नाच्या पोटात दोन प्रश्न दिसतात. वरचा प्रश्न असतो, ‘हे काय आहे आणि यावर उपाय काय?’ आतला प्रश्न असतो, ‘हे फक्त मलाच होते का?’ वरच्या प्रश्नाला कर्व्यांचे उत्तर तर्कशुद्ध आणि कोरडे असे. पाप-पुण्याचा संबंध ते येऊ देत नसत. आतल्या प्रश्नाचे उत्तर मात्र त्यांच्या लेखणीतून आले नाही. प्रश्न छापला गेला, यातच ते उत्तर होते. हजार मैलांवरच्या कुणालाही तो छापील प्रश्न वाचून कळत होते की, याच काळजीने आणखी कुणी रात्र जागून काढतो आहे. त्या कळण्यात जो धीर आहे, तो कोणताही तज्ज्ञ देऊ शकत नाही.

या सदराची मर्यादाही इथेच आहे. पत्र संपादकाकडे जाई आणि उत्तर संपादकाकडून येई. म्हणजे चार लोकांना विचारायला निघालेला माणूस शेवटी एकालाच विचारून परत येत होता. संततिनियमनाची साधने वापरून पाहिलेली स्त्री दुसरीला सांगू शकली असती की त्रास काय होतो, नवऱ्याला कसे समजावले, सासूपासून ते कसे लपवले. हे कर्वे सांगू शकत नव्हते. ते ज्या स्त्रियांना ठाऊक होते, त्यांना आपसांत बोलायला त्या पानावर जागा नव्हती. एकट्या माणसाने चालवलेल्या, तोट्यातल्या मासिकाकडून याहून अधिक अपेक्षा करणे अन्यायाचे होईल, पण उणीव ती उणीवच.

पुढच्या काळानेही ही उणीव भरून काढली नाही. अमोल पालेकरांचा ‘ध्यासपर्व’ हा चित्रपट २००१ मध्ये आला, अजित दळवींचे ‘समाजस्वास्थ्य’ हे नाटक अतुल पेठे यांनी २०१७ मध्ये रंगमंचावर आणले. दोन्ही कलाकृतींनी कर्व्यांना विस्मृतीतून बाहेर काढले, हे ऋण मोठे आहे. चरित्रनाट्याचा नायक कर्वेच असणार, हेही उघड आहे. तरी त्यामुळे आपल्या स्मरणात उत्तर देणारा ठसठशीत झाला आणि पत्र लिहिणारे मात्र धूसरच राहिले. शिक्षेची भीती कर्व्यांना होती तशी बदनामीची भीती त्या पत्रलेखकांनाही होती. दोन आण्यांच्या आतबाहेरच्या टपालखर्चात त्यांनी जे धाडस केले, त्याची नोंद अजून कुणी घेतलेली नाही.

अनुभव मागणारे

कर्वे मुंबईत उत्तरे देत होते त्याच दशकात इंग्लंडमध्ये उलटा प्रयोग सुरू झाला. टॉम हॅरिसन, चार्ल्स मॅज आणि हम्फ्री जेनिंग्ज या तिघांनी १९३७ मध्ये ‘मास ऑब्झर्व्हेशन’ ही चळवळ काढली. सामान्य माणसांनी आपल्या रोजच्या जगण्याच्या नोंदी कराव्यात आणि पाठवाव्यात, एवढीच मागणी होती. त्यांनी सुरुवातीला जाहीर केलेली विषयांची यादी आजही वाचनीय आहे. मोटार चालवणाऱ्यांचे हातवारे, न्हाणीघरातले वागणे, दाढ्या, चावट विनोदांचा प्रसार, सुईणींचे खासगी आयुष्य असे विषय तीत होते. १२ मे १९३७ या राज्याभिषेकाच्या दिवशी लोकांनी राजाबद्दलचे मत कळवावे असे त्यांनी म्हटले नाही. त्या दिवशी उठल्यापासून झोपेपर्यंत काय केले, ते लिहायला सांगितले.

मागणी बदलली की माणूस कसा बोलतो, याचे उत्तम उदाहरण म्हणजे नेला लास्ट. बॅरो-इन-फर्नेस या जहाजबांधणीच्या गावातली ही गृहिणी. १९३९ मध्ये, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, तिने या संस्थेसाठी रोजनिशी लिहायला घेतली आणि १९६६ पर्यंत ती लिहीत राहिली. युद्धाबद्दल मत विचारले असते तर तिने त्या काळच्या कुणाही देशभक्त बाईसारखे दोन ओळींचे उत्तर दिले असते. ‘तुझा दिवस सांग’ असे म्हटल्यामुळे शिधा, स्वयंसेवी काम, मुलाची काळजी आणि अबोल नवऱ्याच्या घरातला एकटेपणा, सगळे कागदावर आले.

या प्रयोगाचेही दोन दोष आहेत. एक म्हणजे, लिहिणाऱ्याला परत काही मिळत नव्हते. नेलाच्या नोंदी वाचून ‘माझेही असेच आहे’ म्हणणारी बाई तिला हयातीत भेटली नाही. तिची रोजनिशी पुस्तकरूपाने आली ती १९८१ मध्ये, आणि ती वारली होती १९६८ मध्ये. दुसरा दोष पुढच्या वाटचालीत दिसतो. युद्धात संस्थेने सरकारच्या माहिती खात्यासाठी काम केले, आणि १९४९ मध्ये तिची कंपनी होऊन ती बाजार-पाहणीकडे वळली. लोकांचे जगणे समजून घेण्यासाठी सुरू झालेली चौकशी साबण खपवण्याच्या चौकशीच्या शेजारी जाऊन बसली. जुने कागद पुढे ससेक्स विद्यापीठाने सांभाळले आणि १९८१ पासून तिथे नव्या नोंदी मागवणे पुन्हा सुरू झाले, ही त्यातली समाधानाची बाजू.

जात्याभोवतीच्या दोघी

पत्र आणि रोजनिशी, दोन्हींना अक्षरओळख लागते. १९३१ च्या जनगणनेत देशात शंभरातले दहा लोकही साक्षर नव्हते, आणि बायकांत शंभरात जेमतेम तिघी. ‘समाजस्वास्थ्य’ला पत्र पाठवणे ज्यांना शक्यच नव्हते, त्या बायका कुणाला विचारत होत्या?

त्याचे उत्तर जात्यावरच्या ओव्यांत आहे. हेमा राईरकर आणि गी पॉयटवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. लोकसाहित्य म्हणून त्यांचा अभ्यास झाला आहे. मला इथे त्यांच्याकडे विचारपूस म्हणून पाहायचे आहे. पहाटे घर झोपलेले असते, जात्याची घरघर आवाज झाकते आणि समोर खुंट्याला हात लावून दुसरी बाई बसलेली असते. एकीने सासुरवासाची ओवी म्हटली की दुसरी तिला सल्ला देत नाही, ती आपली ओवी जोडते. बोलणाऱ्या बाईला आडही मिळते, कारण ओवी कुणा ‘बाई’ची असते, तिची एकटीची नसते. ‘हे फक्त मलाच होते का?’ या प्रश्नाचे उत्तर इथे समोरासमोर आणि लगेच मिळते.

याला सोनेरी मुलामा देण्याची गरज नाही. ओवीने धीर दिला, गुप्तरोगावर औषध दिले नाही. सासुरवास सोसायला तिने बळ दिले, तो थांबवला नाही. तिथे कर्व्यांसारखा कोरडा, जाणता माणूसच हवा होता. शिवाय पिठाच्या गिरण्या आल्या तेव्हा कष्ट गेले, हे चांगलेच झाले, पण त्याबरोबर ती पहाटेची बैठकही उठली. तिच्या जागी काय आले, याचा विचार मात्र आपण केला नाही.

आणि आपले परिसंवाद

आज मत विचारणाऱ्यांना तोटा नाही. बँक विचारते, उपाहारगृह विचारते, दवाखान्यातून बाहेर पडताना एक ते पाचमध्ये आकडा सांगायला लावतात. या आकड्यातून आपले काय झाले ते कुणाला कळत नाही, आणि कळावे अशी कुणाची इच्छाही दिसत नाही. दिवाळी अंकही या दोषातून सुटलेले नाहीत. आपले परिसंवाद नामवंतांना मते विचारतात, आणि नामवंत ती सफाईने देतात. त्यात खोटे काही नसते, पण वाचकाच्या घरात जे चालले आहे ते त्या पानांवर क्वचितच येते.

जाणकाराचे ज्ञान, निनावीपणाचा आडोसा आणि अनुभवाला अनुभव जोडण्याची मोकळीक ही तिन्ही एकाच पानावर आणणे अवघड नाही. सुरुवात प्रश्नापासून करावी लागेल. ‘वृद्धांच्या सांभाळाबद्दल आपले मत काय?’ असे विचारले तर प्रत्येक जण चार लोकांत शोभेल असेच उत्तर देईल. त्याऐवजी विचारावे, ‘तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला रात्री लघवीला कोण उठवते?’ या प्रश्नाला मत देता येत नाही. त्याला एका माणसाचे नाव द्यावे लागते, आणि बहुतेक घरांत ते कुणाचे असेल, हे आपल्याला ठाऊक आहे. तिने ते निनावी का होईना लिहून पाठवले, तर आपण ते छापणार आहोत का?