फोटो हलवायचा म्हणजे नेमकं काय हलवायचं?

डॉक्युमेंटरीला पैसे नसले की फोटो मदतीला येतात. जुन्या प्रसंगाचं चित्रीकरण नसतं, नट घेऊन तो पुन्हा उभा करणं परवडत नाही. मग हाताशी असलेला फोटो लावायचा आणि हळूहळू झूम करायचं. अ‍ॅपलनं २००३ मध्ये आयमूव्हीत ही सोय ‘केन बर्न्स इफेक्ट’ या नावानं दिली. १९९०च्या ‘द सिव्हिल वॉर’ मालिकेमुळे बर्न्सचं नाव या तंत्राला चिकटलं होतंच. स्वतः बर्न्स मात्र श्रेय देतो ते १९५७च्या एका कॅनेडियन लघुपटाला: कॉलिन लो आणि वुल्फ कोनिग यांच्या ‘सिटी ऑफ गोल्ड’ला.

विषय आहे डॉसन सिटी, १८९८च्या आसपास सोन्याच्या वेडानं फुगलेलं आणि मग ओसरलेलं गाव. सुरुवातीला दिसतं ते १९५०च्या दशकातलं सुस्त डॉसन, आणि तिथून आपण जुन्या फोटोंमध्ये शिरतो. निवेदन पिअर बर्टनचं; त्याचं बालपण याच गावात गेलेलं. रोमन क्रॉइटरनं फोटोवरून कॅमेरा कसा फिरेल याची वाट आधीच आखण्याची युक्ती काढली. त्यामुळे ती हालचाल यंत्राची वाटत नाही, कुणीतरी कॅमेरा हातात धरून त्या गल्लीत उभं आहे असं वाटतं.

माझं रोजचं काम कोड लिहिण्याचं, म्हणून मला इथला फरक आकड्यांत दिसतो. बऱ्याच अ‍ॅपमधलं आयतं झूम सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच वेगानं जातं. माणसाची नजर अशी जात नाही. ती रेंगाळते, एखाद्या चेहऱ्यावर थांबते, मग पुढे सरकते. चिलकूट खिंडीचा प्रसिद्ध फोटो घ्या: बर्फाच्या चढावर माणसांची काळी रांग. पोलीस वर्षभराचं सामान असल्याशिवाय कॅनडात सोडत नसत, त्यामुळे प्रत्येकाला तोच चढ ओझं घेऊन पुन्हा पुन्हा चढावा लागे. फोटोच्या मधोमध झूम केलं तर नुसती गर्दी दिसते. रांगेच्या तळापासून सावकाश वर गेलं तर चढ कळतो. खर्च दोन्हीला सारखाच. फक्त स्कॅन मोठा हवा: १९२० पिक्सेल रुंद फ्रेममध्ये फोटोचा अर्धा भाग भरायचा, तर मूळ स्कॅन निदान ३८४० पिक्सेल रुंद पाहिजे.

इथवर हलते ती बघणाऱ्याची नजर. ‘द किड स्टेज इन द पिक्चर’ (२००२) पुढे गेला: माणूस कापून मागच्या दृश्यापासून वेगळा केला आणि दोन्ही थर वेगवेगळे सरकवले. म्हणजे माणसामागची मोकळी झालेली जागा कुणीतरी रंगवून भरायची. इथे थोडं रचणं सुरू झालं, पण माणूस तसाच राहिला. २०२१ मध्ये ‘डीप नॉस्टॅल्जिया’ आलं आणि फोटोतले चेहरेच मान वळवून पापण्या मिटू लागले.

माझा एक मित्र गिरणी कामगार आजोबांवर छोटी फिल्म करत होता. त्यानं असंच एक टूल वापरून पाहिलं. आजोबांनी दोन्ही डोळे मिचकावले. त्याची आई म्हणाली, “बाबांचा डावा डोळा मिटायचाच नाही.” लकवा होऊन गेला होता. फोटोत ते कळत नाही, आणि टूल दुसऱ्या हजारो चेहऱ्यांवरून शिकलेलं. त्यानं आजोबांना परस्पर बरं करून टाकलं. आई तिथे नसती, तर फिल्म बघणाऱ्या कुणालाही ही चूक सापडली नसती.

यावर कुणी म्हणेल, पार्श्वसंगीत, घोड्यांच्या टापा हेसुद्धा नंतरच घालतात की! खरं आहे. पण फोटोला आवाज नसतो हे प्रेक्षकाला माहीत असतं, म्हणून टापा कुणीतरी जोडल्या आहेत हे तो धरून चालतो. मिटलेली पापणी मात्र तो पुरावा म्हणून घेतो.

क्रिस मार्करच्या ‘ला जेते’मध्ये (१९६२) जवळजवळ सगळे फोटोच आहेत. एकदाच, क्षणभर, झोपलेली बाई डोळे उघडते आणि अंगावर काटा येतो. ते डोळे खरोखर उघडले होते, कॅमेऱ्यासमोर. आता तोच क्षण कुठल्याही फोटोतून एका टॅपवर काढता येतो, आणि म्हणूनच त्याच्यावरचा विश्वास उडत चालला आहे.

कमी पैशांत फिल्म करणाऱ्यांनी आधी ‘सिटी ऑफ गोल्ड’ बघावा. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाच्या साइटवर तो फुकट आहे. त्यात एकाही मेलेल्या माणसाला हलवलेलं नाही. तरी डॉसनमधली माणसं जवळची होतात, कारण त्यांच्याकडे कुठून आणि किती वेळ बघायचं, हे कुणीतरी बसून ठरवलं आहे.