अंगावर काढलेली दुखणी आणि आपली समीक्षा

'दुखणे अंगावर काढणे' या वाक्प्रचारात सोसणाऱ्याचे थोडे कौतुक दडलेले आहे. पण दुखणे अंगावर काढते कोण? ज्याच्या घरी चार दिवस काम बुडाले तरी चूल पेटते, तो डॉक्टर गाठतो. जिचा एक खाडा म्हणजे एक वेळची भाकरी, ती अंगावर काढते. तेव्हा हा वाक्प्रचार सहनशीलतेचा नाही. तो वर्गाचा आहे, जातीचा आहे आणि बाईपणाचा आहे. आपल्या समीक्षेने त्याच्याकडे या दृष्टीने फारसे पाहिलेले नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

दलित साहित्याच्या समीक्षेने नकार, विद्रोह आणि वेदना या कसोट्या घडवल्या. प्रस्थापित रसिकतेशी झुंज देण्यासाठी त्या आवश्यकच होत्या. परंतु या कसोट्यांना घटना लागते. बहिष्कार, जाळपोळ, खून, बलात्कार यांना तारीख असते, आरोपी असतो, पंचनामा असतो. अंगात रक्त नसण्याला तारीख नसते. सोळाव्या वर्षी पहिले बाळंतपण, पंचविशीपर्यंत चार, तिशीत कंबर गेलेली आणि पस्तिशीत म्हातारपण, या क्रमात आरोपी कोण? आरोपी दिसत नाही म्हणून गुन्हाही नोंदवला जात नाही. पोलीस ठाण्याची ही रीत आपण समजू शकतो; पण समीक्षेनेही तीच रीत स्वीकारावी, हे चमत्कारिक आहे.

बेबी कांबळे यांचे 'जिणं आमचं' १९८२ मध्ये 'स्त्री' मासिकातून क्रमशः आले आणि १९८६ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. महारवाड्यातल्या बाळंतिणीची उपासमार, अडाणी हातांनी तिला झालेल्या जखमा, अंगाला लावायला जुनेराचीही वानवा हे सारे त्यात आहे. शब्दांचा आडपडदा नाही. या भागाला आपण 'विदारक' असे विशेषण देऊन पुढे गेलो. विशेषण देणे म्हणजे वाचन नव्हे. बाळंतिणीला अन्न नाही, कारण गावकीच्या तुकड्यावर जगणाऱ्या घरात आधी पुरुष जेवतो, मग मुले, आणि शेवटी सून. गावाने महाराला दिलेले उष्टे आणि महारवाड्याने सुनेला ठेवलेले उष्टे अशी ही दुहेरी उतरंड बेबीताई उघड करतात. शर्मिला रेगे यांनी २००६ मध्ये दलित स्त्रियांच्या आत्मकथनांना साक्ष म्हणून वाचले. ती दिशा योग्य होती. मात्र या साक्षीतील शरीराची जबानी अजून पुरती नोंदवली गेलेली नाही.

पुरुषांच्या लेखनाकडे पाहिले तर वेगळे चित्र दिसते. 'गोलपिठा'ने (१९७२) सडलेले, रोगग्रस्त शरीर मराठी कवितेत आणून मोठाच हादरा दिला. तो रोग शहराच्या बदनाम वस्तीतला, डोळ्यांत भरणारा होता. अनेक आत्मकथनांत आई येते ती राबणारी, मुलाला शिकवणारी, न थकणारी. तिच्या कष्टांपुढे लेखक नतमस्तक होतो, वाचकही होतो. पण न थकणारी आई ही कल्पनाच तपासून पाहायला हवी. ती थकत नव्हती असे नाही. थकल्याचे सांगायला तिला कोणी विचारले नव्हते. तिच्या थकव्याचे आपण मातृत्वाच्या गौरवात रूपांतर केले, आणि पांढरपेशा साहित्यातील त्यागमूर्ती मागच्या दाराने आपल्याकडे आली.

जे समीक्षेने विचारले नाही ते वैद्यकाने एकदा विचारले. गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत डॉ. राणी बंग व सहकाऱ्यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली. ती १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. शंभरांतील ९२ स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी एक तरी आजार होता. आधी कधी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८. सरकारी आरोग्यसेवेला तोवर बाई माहीत होती ती पोटातल्या गर्भामुळे आणि नसबंदीच्या आकड्यामुळे. गर्भ नसतानाही तिला शरीर असते, हे कोणाच्या गावी नव्हते.

पुढे काय झाले ते बीड जिल्ह्याने दाखवले. ऊसतोडीला नवरा-बायको जोडीने जातात. त्या दोघांना मिळून नाव एकच, 'कोयता'. उचल मुकादमाकडून आधीच घेतलेली. खाडा झाला की दंड. फडात ना संडास, ना पाणी, ना आडोसा. पाळीच्या दिवसांतही मोळी डोक्यावर घेऊन गाडीवर चढायचे. पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे ही तक्रार घेऊन बाई दवाखान्यात गेली की तिला कॅन्सरची भीती घालायची आणि 'पिशवी काढून टाक' म्हणायचे, असे प्रकार उजेडात आले. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. त्या वेळच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. हे प्रमाण शेकडा सुमारे १७ होते. देशात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत ते शेकडा ३ च्या आसपास आहे. बीजाशयही काढले तर तरुणपणीच पाळी संपते, हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणजे बऱ्या होणाऱ्या आजारावर असा उपाय झाला की त्यातून जन्माचा आजार निर्माण व्हावा. उसाचा हंगाम मात्र बुडाला नाही.

येथे एक आक्षेप येईल. ऊसतोडीत अनेक जाती आहेत. हा प्रश्न गरिबीचा, त्यात जात कशाला? फडात केवळ दलित नाहीत हे खरे. वंजारी, बंजारा आणि इतरही आहेत. परंतु पाण्याखालची जमीन कोणाची आणि कोयता कोणाच्या हाती, याची वाटणी जातीने फार आधी करून ठेवली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या महिला विभागाच्या २०१८ च्या अहवालानुसार भारतात दलित स्त्रीचे मृत्यूसमयीचे सरासरी वय ३९.५ वर्षे, तर उच्चजातीय स्त्रीचे ५४.१. पाणी आणि स्वच्छता यांसारखे घटक समान धरले तरी हे अंतर पुरते मिटत नाही. जे उरते त्याला गरिबी हे नाव पुरत नाही.

हे अंतर पुढच्या पिढीतही उतरते. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासातून गर्भातील कुपोषणाचा आणि पुढील आयुष्यातील मधुमेहाचा संबंध समोर आला. अर्धपोटी आईचे मूल कमी वजनाचे जन्मते, आणि त्या शरीरात मोठेपणीच्या रोगांची तयारी आधीच झालेली असते. हा रक्ताचा, वंशाचा दोष नव्हे. ही भुकेची वारसदारी आहे, आणि भूक समाजाने वाटलेली आहे.

आपल्या परंपरेला हा विचार नवा नाही. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती-लाभाच्या विधेयकाला बाबासाहेबांनी पाठिंबा दिला. बाळंतपणातील विश्रांती ही मालकाची कृपा नसून राष्ट्राच्या हिताची बाब आहे आणि तिचा भार सरकारनेही उचलावा, अशी त्यांची भूमिका होती. १९३८ मध्ये संततिनियमनाच्या ठरावावरील त्यांचे भाषण सभागृहात पी. जे. रोहम यांनी मांडले. त्यात स्त्रीच्या आरोग्याचा मुद्दा होता. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत त्यांनी लवकर लग्ने आणि जास्त मुले यांविरुद्ध सांगितले. १९२९ चा मुंबईचा आणि १९६१ चा केंद्राचा कायदा या विचाराच्या वाटेवर आला. पण कायदा हजेरीपटावरच्या बाईसाठी असतो. कोयत्याचे नाव कारखान्याच्या हजेरीपटावर नसते; ते मुकादमाच्या वहीत असते, तेही नवऱ्याच्या नावाने.

म्हणून समीक्षेकडे काही मागणे आहे. यापुढे आत्मकथन वाचताना बाई किती वर्षांची असताना पहिल्यांदा बाळंत झाली, ती कोणाच्या नंतर जेवली, दुखणे तिने कोणाला सांगितले आणि ऐकणाऱ्याने काय केले, हे प्रश्न विचारावेत. हे प्रश्न साहित्यबाह्य नाहीत. पात्र कसे उभे राहते, हे ते कशावर उभे आहे यावरून ठरते. कार्यकर्त्यांनी आपल्या वस्तीतील स्त्रियांना हेच विचारावे, शिक्षकांनी वर्गात विचारावे. अत्याचाराची नोंद ठेवायला आपण शिकलो. रोज थोडे थोडे मारणाऱ्या अत्याचाराची नोंद ठेवायला अजून शिकायचे आहे. दुखणे अंगावर काढणाऱ्या बाईचे कौतुक आता पुरे झाले. ते तिच्या अंगावर घातले कोणी, हे लिहू या.