तीन पुस्तकं आणि एक सीएसव्ही फाइल

व्हीएलएसआय हा विषय मी इंजिनिअरिंगला कसाबसा काढला होता. त्यामुळे ख्रिस मिलरचं ‘चिप वॉर’ (२०२२) उघडताना जरा धाकधूक होती. पण मिलर इतिहासकार आहे आणि त्याला गोष्ट सांगता येते. सर्वांत प्रगत चिप्स छापायला लागणारा प्रकाश कसा तयार होतो? वितळलेल्या कथिलाचा अतिसूक्ष्म थेंब, त्यावर लेझरचा मारा, आणि हे सेकंदाला सुमारे ५०,००० वेळा. हे वाचून मी फोन उलटा करून पाहिला. काय दिसणार होतं म्हणा!

मात्र मिलरची माणसं बहुतेक वेळा कंपन्यांचे प्रमुख, लष्करी अधिकारी नाहीतर मंत्री. फेअरचाइल्डने १९६३मध्ये हाँगकाँगला जुळणीचा कारखाना काढला. तिथे कमी पगारावर काम करणाऱ्या बायकांवर तो एक छोटं प्रकरण लिहितो आणि पुढे निघतो. मला तिथे अजून थांबायचं होतं.

एड कॉनवेचं ‘मटेरियल वर्ल्ड’ (२०२३) त्याच फोनच्या आणखी खाली, थेट खाणीत उतरतं. वाळू, मीठ, लोखंड, तांबं, तेल, लिथियम. वाळूचा भाग सर्वांत रंगलाय. सिलिकॉन वितळवायच्या मुशींना लागणारं अतिशुद्ध क्वार्ट्झ मुख्यतः अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या स्प्रूस पाइन नावाच्या छोट्या गावातून येतं. सप्टेंबर २०२४मध्ये हेलेन वादळाने तिथलं काम थांबलं, ती बातमी मी ओळखीच्या गावाची असावी तशी वाचली. पुस्तकाने एवढं केलं तरी पुष्कळ. कॉनवे पदार्थांच्या प्रेमात आहे, इतका की कधीकधी खाण दिसते आणि खाणकामगार दिसत नाही.

मधुमिता मुर्गियाचं ‘कोड डिपेंडंट’ (२०२४) या दोघांपेक्षा विस्कळीत आहे. लेखिका पत्रकार आहे आणि काही प्रकरणं रविवारच्या पुरवणीतल्या लेखांसारखी सुटी वाटतात. तरी मी अडकलो तो इथेच. एआयला शिकवण्यासाठी नैरोबीत आणि सोफियात फोटोंवर लेबलं लावणारी माणसं ती शोधून काढते. नंदुरबार जिल्ह्यातल्या चिंचपाड्याच्या दवाखान्यातही जाते. तिथली एक डॉक्टर छातीच्या एक्स-रेवरून टीबी ओळखणारं ॲप तपासून पाहतेय. तिला ते हवंय आणि त्याबद्दल शंकाही आहेत. लेखिका दोन्ही तसंच राहू देते, घाईने निकाल देत नाही. या पुस्तकाचं बळ तेच.

तिन्ही वाचणार असाल तर उलट्या क्रमाने वाचा. आधी मुर्गिया, मग बाकीचे. मी सुलट्या क्रमाने वाचली आणि लेबलं लावणाऱ्यांपर्यंत फार उशिरा पोचलो.

पहिल्या नोकरीत माझ्याकडे असाच लेबल केलेला डेटा यायचा, सीएसव्ही फाइलमध्ये. चुका ठरावीक टक्क्यांपुढे गेल्या की सगळी बॅच परत पाठवणारी स्क्रिप्ट मी लिहिली होती. चाळीसेक ओळींची. टीममध्ये कौतुक झालं. परत गेलेल्या बॅचचे पैसे त्या माणसांना मिळतात की नाही, हे मी कधीच विचारलं नाही. सुचलंच नाही.

फाइलमध्ये शेवटचा कॉलम ‘ॲनोटेटर आयडी’ असायचा. मॉडेलला त्याचा उपयोग नाही, म्हणून लोड करतानाच मी तो काढून टाकायचो.