‘रुदाली’चा वेष

अभिनय सोडून वेषयोजना पत्करणें म्हणजे रंगपटाच्या मागच्या दारानें निघून जाणें, असा समज आहे. सिंपल कापडिया (निधन २००९) यांच्या कार्यानें तो खोटा ठरतो. ‘अनुरोध’मध्यें (१९७७) त्या नायिका होत्या, परंतु राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो कल्पना लाजमी यांच्या ‘रुदाली’च्या (१९९३) वेषयोजनेबद्दल. त्याच चित्रपटांतील अभिनयाबद्दल वडील बहीण डिंपल यांनाहि तो लाभला.

कशेडीच्या पायथ्याशीं भातलावणी करणाऱ्या स्त्रीचें खोंचलेलें लुगडें जसें तिचे श्रम सांगतें, तसें नायिका शनिचरीचें वस्त्र तिची वंचना सांगतें. अखेरीस ठाकुराच्या मृत्यूवर ती रडते, तेव्हां भाडोत्री शोकाच्या काळ्या वेषांत खरें दुःख शिरतें. हें मर्म नुसत्या शिवणकलेस उमगणारें नव्हे. भूमिका सुटल्या, भूमिकेची जाण सुटली नाहीं.