‘भेटू’ म्हणजे नेमकं कधी?

पनवेल हे हार्बर लाइनचं शेवटचं स्टेशन. संध्याकाळी सीएसएमटीची लोकल इथे पूर्ण रिकामी होते. सव्वा-दीड तास एकाच डब्यात उभी असलेली माणसं जिन्यापाशी पांगतात आणि पांगताना म्हणतात, ‘चल, भेटू.’ दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच गाडीला, त्याच दरवाजात ती खरंच भेटतात. माझ्या व्हॉट्सअ‍ॅपमधल्या ‘भेटू’चं तसं नाही. मध्यंतरी एका शाळासोबत्याच्या चॅटमध्ये हा शब्द सर्च केला, तर स्क्रोल संपेना. आम्ही दोघं एकाच शहरात राहतो.

आधी या रूपाकडे नीट बघू. ‘भेटेन’ म्हटलं की मी अडकतो. ‘भेटशील का?’ विचारलं की समोरच्याला उत्तर द्यावं लागतं. ‘भेटू’चा कर्ता ‘आपण’. म्हणजे दोघं, म्हणजेच कुणीच नाही. त्यात हे रूप भविष्यकाळाचंही आहे आणि प्रस्तावाचंही. पुढे त्याला शेपट्या लागतात. ‘भेटूया’त थोडा उत्साह असतो. ‘भेटू की’ म्हणजे माझी हरकत नाही. ‘भेटू ना’ म्हणजे चालेल, पण ठरव तू. सगळ्यात फसवं ‘भेटूच एकदा’. त्यातल्या ‘च’ने दिलेलं वचन ‘एकदा’ लगेच काढून घेतं.

म्हणून ‘भेटू’ म्हणणारा खोटारडा ठरत नाही. आपण घरातून निघतानाही ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. निरोपात परतीची सोय ठेवायची ही आपली जुनी रीत, आणि ‘भेटू’ त्याच घरातला शब्द. फरक एवढाच, की ‘येतो’ म्हटल्यावर कुणी दाराकडे डोळे लावून बसत नाही. ‘भेटू’ मात्र निरोपालाही चालतो आणि बेत ठरवायलाही. ऐकणाऱ्याने कोणता अर्थ घ्यायचा, हे बोलणारा सांगत नाही.

भेट खरोखर महत्त्वाची असते तेव्हा आपण एवढ्यावर थांबत नाही. १० नोव्हेंबर १६५९ची प्रतापगडची भेट आठवा. जागा कोणती, शामियाना कुठे, सोबत अंगरक्षक किती, सगळं आधी बोलून ठरलेलं. ते अविश्वासापोटी होतं, हे खरं. पण प्रेमाच्या भेटीलाही ठिकाण लागतंच. आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउली आणि सोपानदेव यांच्या पालख्यांची बंधुभेट तोंडले-बोंडल्याजवळ होते. ‘वाटेत कुठेतरी भेटू’ असं तिथे नसतं.

आता याच क्रियापदाच्या दुसऱ्या वापराकडे येतो. त्याच्यावरून आपल्याकडे माणसाची पायरी ठरवली जाते. ‘मला तिकीट भेटलं’, ‘नोकरी भेटली’. ‘माणसं भेटतात, वस्तू मिळतात’ हा टोमणा तुम्हीही ऐकला असेल. मी तो पुण्यात, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी ऐकला. हॉस्टेलच्या खोलीत हशा पिकला आणि महिन्याभरात माझी जीभ सरळ झाली.

पण हा नियम वाटतो तितका पक्का नाही. नदी समुद्राला ‘मिळते’. फितूर शत्रूला ‘मिळतो’. आपण ‘मिळून’ जेवायला जातो. म्हणजे ‘मिळणं’ फक्त वस्तूंचं नाही. उलट, हातात दिलेल्या वस्तूलाही आपण ‘भेट’च म्हणतो. या प्रयोगाला हिंदीची लागण म्हणतात. हिंदीत ‘मिलना’ दोन्हीकडे चालतं, त्यामुळे मुंबईच्या आसपास तो प्रभाव असेलही. पण शब्दाला आतूनही वाट आहे. ‘मी त्याला भेटलो’ म्हणजे मी गेलो. ‘तो मला भेटला’ म्हणजे बहुतेक वेळा तो अवचित समोर आला. दुसऱ्या वाक्यात ‘तो’च्या जागी गर्दीच्या वेळची विंडो सीट ठेवून बघा. ‘मला विंडो सीट भेटली.’ यात कमाईपेक्षा नशीब जास्त आहे, आणि बोलणाऱ्याला नेमकं तेच सांगायचंय. देवही भक्ताला ‘भेटतो’. तिथे ‘मिळतो’ म्हणून बघा, कसं वाटतं ते.

प्रमाण लेखनात ‘मिळालं’ लिहावं, मीही लिहितो. माझा आक्षेप हसण्याला आहे. ‘तिकीट भेटलं’ म्हणणाऱ्याने ऐकणाऱ्याची फसवणूक केलेली नसते. तिकीट त्याच्या खिशात असतं. व्याकरणशुद्ध ‘भेटूच एकदा’मध्ये मात्र खिसा रिकामा असतो. आपण पहिल्याला टोकतो, दुसऱ्याला सुसंस्कृत म्हणतो.

हे मला उशिरा कळलं. वर ज्याच्या चॅटबद्दल लिहिलं, तो मित्र आगरी घरातला. ‘तिकीट भेटला’, ‘काम झाला’ असं बोलणारा. पहिल्या वर्षाच्या दिवाळीच्या सुट्टीत त्याने असंच काहीतरी म्हटलं आणि मी हसून ‘मिळालं’ असं दुरुस्त केलं. पुण्यात माझ्यावर जे हसले, त्यांचंच हसू मी पनवेलला घेऊन आलो होतो. तो काहीच बोलला नाही. नंतर माझ्यासमोर तो ‘मिळालं’ म्हणू लागला, पण त्या जागी आधी क्षणभर अडखळायचा. मग मेसेज लहान होत गेले. माझ्याकडून ‘भेटू रे’, त्याच्याकडून अंगठा.

गेल्या महिन्यात मी वेगळा मेसेज टाकला. ‘शनिवारी सहा वाजता, स्टेशनबाहेर.’ त्याचं उत्तर लगेच आलं, ‘कुठल्या बाहेर?’ बरोबरच होतं. पनवेल स्टेशनच्या पूर्वेला नवीन पनवेल, पश्चिमेला जुनं. ‘स्टेशनबाहेर’ एवढंच म्हणणारी दोन माणसं रुळांच्या दोन बाजूंना तासभर एकमेकांची वाट बघू शकतात. मी लिहिलं, ‘जुन्या पनवेलच्या बाजूला, तिकीट खिडकीपाशी.’

तो माझ्याआधी येऊन उभा होता. दुरूनच ओरडला, ‘पार्किंगला जागा भेटली रे एकदाची!’

या वेळी मी काही दुरुस्त केलं नाही.